हेमंतचर्येचा विसरलेला भाग : घराजवळची पायवाट

दिवाळी आटोपली आणि पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटू लागली, की खानदेशातील आयुर्वेदीय औषधालयांची दर्शनी कपाटे बदलतात. च्यवनप्राश, अश्वगंधापाक, मुसळीपाक यांच्या बरण्या पुढे येतात आणि पावसाळ्यात खपणारी चूर्णे मागच्या फळीवर जातात. वैद्यांची औषधपत्रेही त्याच सुमारास बृंहण व रसायन कल्पांकडे वळतात. यात अशास्त्रीय काहीच नाही. हेमंतात अग्नी बलवान होतो, त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच आटवितो आणि वायूचा प्रकोप होतो, हे चरकसंहितेतील ‘तस्याशितीय’ अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. म्हणून या ऋतूत स्निग्ध व गुरू आहार योग्यच.

परंतु शास्त्राचे सांगणे येथे संपत नाही. वाग्भटाचार्यांनी हेमंतचर्येत वातघ्न तैलाचा अभ्यंग, मस्तकावर तैल, अंगमर्दन, कुशल मल्लांबरोबर बाहुयुद्ध आणि युक्तीने सूर्यकिरणांचे सेवन यांचा समावेश केला आहे. दिनचर्येच्या अध्यायात तर स्निग्ध भोजन घेणाऱ्या बलवान व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीपर्यंत व्यायाम करावा, असा निर्देश आहे. स्निग्ध आहार आणि व्यायाम ही आचार्यांनी एकत्र सांगितलेली जोडी आहे. आजच्या व्यवहारात ही जोडी फुटली. पहिला अर्धा भाग बरणीत भरून विकला जातो. दुसरा अर्धा भाग ‘थोडे फिरत जा’ या, रुग्ण उंबरठ्यावर पोहोचल्यावर उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यापुरता उरला आहे.

या लेखात आमचे प्रतिपादन एवढेच आहे : घराजवळच्या डोंगरवाटा, नदीकाठ व जलाशय यांच्या आश्रयाने करावयाची हिवाळी पदभ्रमंती ही मात्रा, काल आणि निषेध यांसह औषधपत्रावर लिहिण्याची चिकित्सा आहे. वैद्याने ती लिहावी, औषधालयाने तिला साहाय्य करावे आणि दोघांनीही ती स्वतः आचरावी.

खानदेशाला हेमंताचे मोल अधिक

शास्त्राने व्यायामासाठी शीतकाळ व वसंत असे दोन काळ दिले आहेत. आपल्या भागात त्यातील वसंत जवळजवळ हाती लागत नाही. जळगाव, भुसावळ, जामनेर या पट्ट्यात मार्चच्या मध्यापासूनच ऊन चटके देऊ लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यानंतर येतो वर्षाकाळ, ज्यात अग्नी व बल दोन्ही क्षीण. याउलट डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान अनेकदा एक अंकी होते, हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. म्हणजे मार्गशीर्ष, पौष व माघ हे तीन महिनेच खानदेशी माणसाला मोकळ्या हवेत, भर दिवसा, अर्धशक्तीपर्यंत श्रम करण्याची खरी संधी देतात. ती वाया गेली तर वर्षभर पुन्हा येत नाही.

शीतकाळात संचित झालेला कफ वसंतातील सूर्यकिरणांनी वितळतो व अग्नीला मंद करतो, हा सिद्धांत प्रत्येक वैद्याला मुखोद्गत आहे. त्याचा प्रत्यय औषधालयाच्या हिशेबवहीतही येतो. पौषात जो ग्राहक पाकाच्या बरण्या नेतो, तोच फाल्गुनात कफावरील चाटणासाठी येतो. अवलेहाचा यात दोष नाही. घेतलेले बृंहण पचविण्याइतके शरीर हलले नाही, हा दोष आहे.

अलीकडे आपल्या तालुक्यांतील सुशिक्षित कुटुंबांत हिवाळी भटकंतीची आवड वाढली आहे. मात्र तिची दिशा दूरची असते. डिसेंबरच्या सुट्टीत मनालीचा बर्फ पाहावयाचा, तरुणांनी उत्तराखंडातील केदारकंठ्याच्या साडेबारा हजार फुटांच्या माथ्यावर बर्फ तुडवीत जावयाचे, त्याची छायाचित्रे वर्षभर दाखवावयाची. या हौसेला आमचा विरोध नाही. परंतु वर्षातील ३६० दिवस खुर्चीत बसलेल्या देहाला पाच दिवस अतिउंचावर नेणे हा व्यायाम नसून साहस आहे, आणि अयथाबल साहस हे क्षयाचे एक कारण म्हणून चरकाचार्यांनी सांगून ठेवले आहे. ऋतुचर्या ही ऋतुभर आचरावयाची गोष्ट आहे. म्हणून ती घराजवळच असावी लागते.

ज्या देशांत घराबाहेर सहा-सहा महिने बर्फ असतो, तेथील लोकांकडून घेण्यासारखे हेच आहे. कॅनडा व उत्तर युरोपात सामान्य माणसे पायांना रुंद जाळीदार पादत्राणे बांधून गावाजवळच्या रानात बर्फावरून चालतात. नॉर्वेमध्ये मोकळ्या हवेतील अशा जीवनाला ‘फ्रिलुफ्ट्सलिव्ह’ असा स्वतंत्र शब्द आहे. जपानच्या वनविभागाने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान ही कल्पना लोकांपुढे मांडली. बर्फ आपल्याकडे नाही आणि त्याची उणीवही नाही. थंडी पडली म्हणून दारे लावून बसावयाचे नाही, हा त्यांचा बोध मात्र वाग्भटाचार्यांशी तंतोतंत जुळतो.

आपल्या दाराशी काय आहे?

जामनेरहून तासाभराच्या अंतरात अजिंठ्याचा डोंगर आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या कड्यावरून ही लेणी दिसली आणि १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी लक्षात घेतले जाते ते असे, की ही लेणी चालणाऱ्यांची वसतिस्थाने होती. पावसाळ्यात भिक्षूंनी एका ठिकाणी वर्षावास करावा आणि तो संपताच पायी संचारास निघावे, असा त्यांचा नियम होता. ज्या वाघूर नदीच्या नालाकृती दरीत ते राहत, तीच नदी पुढे उत्तरेकडे येऊन आपल्या तालुक्याचे शिवार भिजवीत तापीला मिळते. नालाकृती दरीच्या वरच्या अंगाची दृश्यबिंदूकडील चढ-उताराची वाट मध्यम बलाच्या माणसाला पुरेशी आहे. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

अधिक बल असणाऱ्यांसाठी सोयगावजवळचा वेताळवाडीचा किल्ला आहे. चाळीसगावकडील सदस्यांना पाटणादेवी व गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा परिसर जवळचा. भास्कराचार्यांच्या ज्ञानपरंपरेसाठी त्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाचा शिलालेख याच पाटणचा. रावेर-यावलच्या बाजूस सातपुड्यातील पाल व मनुदेवी आहेत. चोपडा तालुक्यात उनपदेवचे उष्णोदकाचे झरे आहेत. चालून गेल्यावर शेकही आपोआप मिळतो. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी वाघूर धरणाचा परिसर व हतनूरचा जलाशय आहे. हतनूरला हिवाळ्यात उत्तरेकडून स्थलांतरित पक्ष्यांचे थवे येतात. ते पाहत दोन-तीन मैल चालणे वृद्धांनाही कंटाळवाणे होत नाही.

चालणे आपल्या मातीला परके नाही. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत पायीच जाते आणि महाशिवरात्रीला तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला लोक लोटतात. हिवाळ्यात शेतावर भरिताचा बेत आखणे हा तर खानदेशाचा स्वभाव. भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आजकाल मात्र शेताच्या बांधापर्यंत चारचाकी जाते, कच्च्या तेलातले भरीत व कळण्याची भाकरी पोटभर होते आणि झाडाखाली झोप घेऊन मंडळी परततात. अग्नी प्रदीप्त आहे, आहार उत्तम आहे, श्रम तेवढा शून्य. त्याच बेताला दीड-दोन तासांच्या पायपिटीची जोड दिली, तर शास्त्रोक्त हेमंतचर्या आपोआप पूर्ण होते. नवीन काही शिकविण्याची गरज नाही.

अध्वा आणि चंक्रमण

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. सुश्रुताचार्यांनी चालण्याचे दोन प्रकार वेगळे सांगितले आहेत. ‘अध्वा’ म्हणजे दीर्घ मार्गक्रमण. ते कफ व स्थौल्य घटविते, तसेच वर्ण व सौकुमार्यही नष्ट करते. ‘चंक्रमण’ म्हणजे देहाला अतिपीडा न देणारे चालणे. ते आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते आणि इंद्रियांना जागे करते. पहिले शोधनाच्या अंगाने जाते, दुसरे स्वस्थाचे रक्षण करते. कोणत्या रुग्णाला यातील कोणते द्यावयाचे, हा निर्णय वैद्याचा आहे. ‘चालत जा’ एवढेच सांगणे म्हणजे ‘काहीतरी चूर्ण घेत जा’ असे सांगण्यासारखे होय.

प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुताचार्यांनी निर्धन रुग्णाला छत्री व पादत्राणाशिवाय, भिक्षा मागत, शंभर योजने किंवा अधिक चालावयास सांगितले. चार कोसांचे योजन धरले तर हे अंतर चारशे कोस भरते. हा उल्लेख व्याख्यानांत मोठ्या अभिमानाने केला जातो. परंतु ज्या मधुमेही रुग्णाच्या तळपायाची संवेदना गेली आहे, त्याला आज अनवाणी डोंगर चढावयास लावणे म्हणजे व्रणाला आमंत्रण होय. तेथे वाग्भटाचार्यांचा हेमंतचर्येतील दुसरा निर्देश उपयोगी पडतो : या ऋतूत पादत्राण सदैव असावे. दोन्ही वचने प्रमाण आहेत. कोणते कोठे लावावे याला युक्ती म्हणतात.

हाच विवेक श्रमिकांच्या बाबतीतही हवा. आपला तालुका कापसाचा. ज्या काळात आपण पदभ्रमंतीची शिफारस करणार, त्याच काळात वेचणीला जाणाऱ्या भगिनी दिवसभर वाकून, पाठीवर ओझे वाहून चालत असतात. त्यांचा अध्वा पुरेसा, किंबहुना अधिक होतो. त्यांना चालण्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे ठरेल. त्यांच्या औषधपत्रावर तीळतेलाचा अभ्यंग, उष्णोदक, पोटभर स्निग्ध अन्न आणि विश्रांती हीच हेमंतचर्या लिहावी. पदभ्रमंती हवी आहे ती दुकानदारांना, शिक्षकांना, कचेरीतल्या मंडळींना, यंत्रांमुळे बांधावर उभे राहून शेती करणाऱ्या बागायतदारांना, आणि, हे सांगणे भाग आहे, खुर्चीत बसून नाडी पाहणाऱ्या आपणा सर्वांना.

औषधपत्रावर कसे लिहावे?

द्रव्य लिहिताना आपण जे लिहितो तेच येथे लिहावे.

मात्रा : अर्धशक्ती. हृदयस्थ वायू मुखाने बाहेर येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे, हे सुश्रुताचार्यांनी बलार्धाचे लक्षण सांगितले आहे. आधुनिक शास्त्र मध्यम श्रमाची कसोटी सांगते ती अशी, की चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. दोन्ही वर्णनांतील साम्य पाहण्यासारखे आहे. ज्यांना आकडा हवा असेल त्यांच्यासाठी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. रोज अर्धा तास गावात आणि आठवड्यातून एकदा दोन तास डोंगरात, असे त्याचे सोपे वाटप होते.

काल : सूर्य वर आल्यानंतर, आहार जीर्ण झाल्यावर. पहाटे साडेचारला, दवात, महामार्गाच्या कडेने अंधारात चालण्याची जी प्रथा पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. हेमंतात युक्तीने सूर्यकिरण घ्यावयाचे आहेत. ते पहाटे साडेचारला कोठून मिळणार? शीत हवेने रक्तदाब वाढतो, तमकश्वास शीताने व प्राग्वाताने बळावतो, आणि अंधारात मालमोटारींचा धोका वेगळाच. नऊच्या उन्हात चालणे हे आळशाचे लक्षण नसून शास्त्राचे पालन आहे.

पूर्वकर्म व पश्चात्कर्म : आधी कोमट तीळतेलाचा अभ्यंग, नंतर चालणे, मग सुखकर अंगमर्दन व उष्णोदकाने स्नान. ज्यांना रोज शक्य नाही त्यांनी मस्तक, कर्ण व पाद एवढे तरी सोडू नये.

निषेध : बाल, वृद्ध, अजीर्णी आणि वातपित्ताचे रुग्ण यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे, त्यांना मंद चंक्रमणापलीकडे नेऊ नये. हृद्रोगी व अनियंत्रित रक्तदाबाच्या रुग्णांना तपासणीशिवाय चढावर पाठवू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या खिशात साखर अथवा ग्लुकोज असलाच पाहिजे आणि त्यांनी एकटे जाऊ नये.

संधिवाताने ज्यांचे गुडघे चढ-उतार सोसत नाहीत, त्यांच्यासाठी वल्हविण्याचा विचार अवश्य व्हावा. बसल्या जागी बाहू, स्कंध, पृष्ठ व उदर यांना उत्तम व्यायाम होतो आणि जानुसंधीवर भार पडत नाही. मात्र बाहुबलाने नदी तरून जाऊ नये आणि संशयास्पद नावेत चढू नये, असे वाग्भटाचार्यांनी दिनचर्येतच बजावले आहे. जेथे अधिकृत नौकाविहार, तरंगणारी जाकिटे व जाणता नावाडी आहे तेथेच हा व्यायाम सांगावा. धरणाच्या खोल पाण्यात हौशी होडी लोटणे सर्वथा वर्ज्य.

वैद्याने स्वतः का जावे?

शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व इतर वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, असे चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. केवळ नामरूपाने द्रव्याचे तत्त्व कळत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. आजची स्थिती अशी, की योग जाणणाऱ्या वैद्याला नामरूपाचीच ओळख उरलेली नाही. शल्लकीची गोळी दिवसातून दहा वेळा लिहिणाऱ्या तरुण पदवीधरापुढे सालईचे झाड उभे केले तर तो ओळखील, याची खात्री देता येत नाही. ज्या धातकीपुष्पावाचून असंख्य आसवारिष्टे सिद्ध होत नाहीत, ती धायटी शिशिराच्या अखेरीस आपल्याच डोंगरांतील ओहोळांच्या काठी लाल फुलांनी फुलते. ओढ्याकाठचा अर्जुन, आवळा, बेल, बिब्बा, पळस ही सर्व द्रव्ये पर्णहीन रानात हिवाळ्यात सहज नजरेस पडतात. औषधाची पुडी उघडताच ती अस्सल की भेसळीची, हे ठरविण्याचे सामर्थ्य ग्रंथातून येत नाही. ते झाड पाहून, साल हाताळून येते. औषधालयाच्या मालकाला तर याचा थेट व्यावहारिक लाभ आहे.

यावल व गौताळा ही अभयारण्ये आहेत. तेथे वनविभागाच्या परवानगीनेच जावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून वनोपज आणता येत नाही, तेव्हा पाहावे, टिपण घ्यावे, छायाचित्र काढावे आणि पान जागेवर सोडावे. पावरा किंवा तडवी बांधवांपैकी जाणता वाटाड्या सोबत घ्यावा व त्याला त्याच्या ज्ञानाचे योग्य मोल द्यावे. फुकटात गुरू करण्याची परंपरा आपली नाही. बिबट्याचा वावर, आग्या मोहोळ आणि लवकर मावळणारा दिवस या तीन गोष्टींचे भान ठेवून सूर्यास्तापूर्वी पायथा गाठावा. मोहोळाखाली धूर, अत्तर व गोंगाट नसावा.

औषधालयचालकांस विनंती

चालण्याचा उपदेश केल्याने बरण्यांचा खप घटेल, अशी शंका काही व्यावसायिक बंधू व्यक्त करतात. आम्हांस ती रास्त वाटत नाही. रसायनप्रयोगाचे कुटीप्रावेशिक व वातातपिक असे दोन विधी सांगितले आहेत. दुसरा वारा व ऊन यांत वावरणाऱ्यांसाठी आहे. आजचा ग्राहक ना विधिपूर्वक कुटीत राहतो, ना वाऱ्या-उन्हात जातो. त्याला रसायनाचा गुण यावा कसा? गुण आला नाही की तो पुढच्या वर्षी दुसरी बरणी घेत नाही. नाममुद्रा बदलतो किंवा आयुर्वेदच सोडतो. चालणाऱ्याला भूक लागते, घेतलेले पचते, तेलाची गरज पडते आणि अनुभव येतो. असा ग्राहक टिकतो. म्हणून हिवाळ्यात प्रत्येक बरणीबरोबर मात्रा, काल व निषेध यांची एक छापील चिठ्ठी द्यावी आणि अवलेहांच्या शेजारी अभ्यंगाचे तेलही तितक्याच ठळकपणे ठेवावे.

संघटनेच्या तालुका शाखांपुढे आमचे तीन प्रस्ताव आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या परिसरातील अल्प, मध्यम व प्रवर बलाच्या व्यक्तींसाठी एकेक अशा तीन वाटा निश्चित करून त्यांचे अंतर, चढ, पाण्याची सोय व जवळचे रुग्णालय यांसह एक पत्रक छापावे. मार्गशीर्ष, पौष व माघ या तीन महिन्यांत प्रत्येकी एका रविवारी वैद्य, औषधालयचालक व निवडक रुग्ण यांची एकत्र पदभ्रमंती ठेवावी. आणि त्या रुग्णांचे वजन, कटीचे माप, रक्तदाब व रक्तशर्करा यांची ऋतूच्या आरंभी व अखेरी नोंद ठेवावी, म्हणजे पुढील हेमंतात आपल्याला केवळ वचनांवर विसंबून बोलावे लागणार नाही.

यातील कशालाही मोठा निधी लागत नाही, बाहेरून यंत्र आणावे लागत नाही आणि बर्फ तर नकोच. लागते ती रविवारची एक सकाळ, मजबूत पादत्राण आणि वाटीभर तीळतेल. मार्गशीर्ष फार दूर नाही. सुज्ञ वैद्यबंधुभगिनींनी व व्यावसायिकांनी यावर विचार करून आपल्या शाखेच्या पुढील बैठकीत हा विषय मांडावा, ही विनंती. इत्यलम्.